जुन्या विंचेस्टरच्या नळीचे माप

रायफलच्या नळीला आतून एक व्यास नसतो, दोन असतात. नळीला आधी सरळ, गुळगुळीत भोक पाडतात आणि मग त्याच्या भिंतीत पेचदार खाचा कोरतात. दोन खाचांमधला न कोरलेला भाग उंचवट्यासारखा राहतो. समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर हा मूळ भोकाचा, म्हणजे बोरचा, व्यास. समोरासमोरच्या खाचांच्या तळांमधले अंतर हा खाचांचा व्यास. दोहोंतला फरक इंचाच्या आठ-दहा हजारांशांइतकाच असतो, पण गोळी नळीत घट्ट बसते की सैल, हे त्यावर अवलंबून असते. शिशाची गोळी खाचांच्या तळापर्यंत भरली की मागचा वायू अडतो, गोळी खाचा धरून गिरकी घेते आणि नेम धरते. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन लिव्हर-ॲक्शन रायफलींच्या नळीवर जो आकडा कोरलेला असतो, त्याच्याशी खाचांचा व्यास क्वचितच जुळतो. म्हणून अशा रायफलीचा अभ्यास करणारा माणूस कोरलेल्या आकड्यावर थांबत नाही. तो नळी मोजतो.

नळी मोजण्याची सर्वांत जुनी रीत लांबीची नव्हतीच, वजनाची होती. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या जितक्या गोल गोळ्या ओतता येतील आणि त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी तितक्या बोरची. महाराष्ट्रात आजही ‘बारा बोअर’ म्हणतात ते याच हिशेबाने. पौंडाचा बारावा भाग म्हणजे सुमारे ३७.८ ग्रॅम शिसे, त्याची गोळी ०.७२९ इंचाची, म्हणजे साडेअठरा मिलिमीटरची होते. सोळा बोअरची ०.६६३ इंच, वीस बोअरची ०.६१५ इंच. आकडा वाढला की भोक लहान होते, ते यामुळेच. हत्तीच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या चार बोअरच्या बंदुकीची गोळी पाव पौंडाची असे. ठासणीच्या बंदुकीला ही रीत पुरेशी होती, कारण मालक स्वतःच साच्यात गोळ्या ओतून घेई आणि साचा बंदुकीबरोबरच मिळे. नळी थोडी मोठी-लहान असली तरी गोळीभोवती कापडाचा तुकडा गुंडाळून ती गजाने ठासली की फरक भरून निघे. कारखान्यात तयार झालेले धातूचे काडतूस आल्यावर ही सोय संपली. गोळी एका गावात बनू लागली, नळी दुसऱ्या गावात, आणि दोघींना जोडणारी गोष्ट उरली ती आकड्याची.

लिव्हर-ॲक्शन रायफल याच वळणावर जन्मली. १८५५ मध्ये स्थापन झालेल्या व्होल्कॅनिक कंपनीच्या शस्त्रांत गोळीच्या पोकळ बुडातच दारू भरलेली असे. ती कंपनी बुडाल्यावर तिची मालमत्ता ऑलिव्हर विंचेस्टर या शर्टांच्या कारखानदाराने घेतली. त्याच्याकडचा कारागीर बेंजामिन टायलर हेन्री याने ऑक्टोबर १८६० मध्ये पितळी-तांब्याच्या काडतुसावर चालणाऱ्या रायफलीचे पेटंट मिळवले. चापाखालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडे, नवे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, म्हणजे चेंबरमध्ये, जाई आणि घोडा चढे. नळीखालच्या लांब नळकांड्यात एकापाठोपाठ काडतुसे भरलेली असत. हेन्रीचे काडतूस ‘४४’ म्हणून ओळखले गेले. पुढे पिवळ्या धातूच्या चौकटीचे १८६६ चे मॉडेल आले, मग लोखंडी चौकटीचे १८७३ चे. शेवटच्या मॉडेलच्या सात लाखांहून जास्त रायफली बनल्या, आणि नळी मोजण्याचा प्रश्न आज सर्वांत जास्त वेळा उभा राहतो तोही तिच्याच बाबतीत.

१८७३ च्या या रायफलीचे काडतूस पुढे ‘४४-४०’ या नावाने प्रसिद्ध झाले. पहिला आकडा इंचाच्या शंभराव्या भागांचा, दुसरा काळ्या दारूच्या वजनाचा: ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. वाचणाऱ्याला वाटेल, गोळी ०.४४ इंचाची. प्रत्यक्षात ती सुमारे ०.४२७ इंचाची असते. याचे मूळ गोळी बसवण्याच्या पद्धतीत आहे. हेन्रीच्या काडतुसात गोळीचे बूड बारीक करून ते काडतुसाच्या तोंडात बसवलेले असे आणि गोळीचा पुढचा भाग काडतुसाच्या बाहेरच्या जाडीइतका असे. तिच्यावरची चरबी उघडी राही, तिला धूळ-कचरा चिकटे. १८७३ च्या काडतुसात सगळी गोळी आत बसवली, चरबीच्या खाचाही आत गेल्या. तसे करताना गोळीची जाडी पत्र्याच्या आतल्या मापाला उतरवावी लागली. ४४ हा आकडा मात्र तसाच राहिला, कारण गिऱ्हाईक त्याच आकड्याने ओळखत होते.

१८८० च्या सुमारास आलेले ‘३८-४०’ याहून फसवे आहे. ते ४४-४० चेच तोंड थोडे आवळून बनवले होते, आणि त्याची गोळी ०.४०१ इंचाची, म्हणजे १०.२ मिलिमीटरची. नाव आणि माप यांत इंचाचा सुमारे पन्नासावा भाग फरक आहे. नळीच्या जगात हे अंतर प्रचंड म्हणावे लागेल. उलट १८९५ मध्ये विक्रीला आलेल्या ‘३०-३०’ मध्ये आकडा उंचवट्यांमधल्या व्यासाचा, ०.३०० इंचाचा, आणि गोळी खाचांच्या मापाची, ०.३०८ इंचाची. म्हणजे एकाच कारखान्याच्या तीन काडतुसांत आकड्याचा अर्थ तीन प्रकारचा होता.

ब्रिटिश साम्राज्यातही आकडा असाच मोकळा होता, आणि भारतात त्याला कायद्याचे वजन आले. लष्करी .३०३ रायफलीचा आकडा उंचवट्यांमधल्या व्यासाचा. तिची गोळी ०.३११ इंचाच्या आसपासची. लष्कराचे काडतूस नागरिकांच्या बंदुकीत चालू नये, हे सरकारचे धोरण होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारत आणि सुदानमध्ये .४५० बोरच्या रायफलींवर बंदी आली, कारण मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचा बोर तोच होता. लंडनच्या बंदूकवाल्यांनी त्यावर तोड म्हणून .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे काढली. इंचाच्या पंधरा-वीस हजारांशांनी रायफल बेकायदेशीरची कायदेशीर झाली. स्वतंत्र भारतातही ‘प्रतिबंधित बोर’ हा वर्ग टिकून आहे. .३०३ त्यात येते म्हणून ईशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ ची रायफल बनवली. परवान्यावर बोरचा रकाना असतो तो या इतिहासातूनच आलेला आहे.

नाव बाजूला ठेवले तरी प्रश्न संपत नाही, कारण एकाच नावाच्या दोन नळ्याही सारख्या नसत. भोक पाडल्यावर ते रीमरने साफ करून मापाला आणत, मग कापणीच्या हत्याराने खाचा कोरत. रीमर बोथट झाला की त्याला धार लावत, आणि प्रत्येक धारेनंतर तो किंचित बारीक होई. नवा रीमर ज्या दिवशी लागला त्या दिवशीची नळी मोठी, तो टाकून द्यायच्या आधीची लहान. कामगार तपासणी करत ती पोलादी खुंटीने: एक खुंटी आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. या दोन खुंट्यांच्या मधले सगळे काही पास होई. ४४-४० च्या जुन्या नळ्यांत खाचांचा व्यास ०.४२७ असा अपेक्षित असताना ०.४२९ किंवा ०.४३० निघतो, तो बहुतेक वेळा असा.

कारखान्यालाही हे ठाऊक होते. १८७५ पासून विंचेस्टरने एक विशेष श्रेणी जाहीर केली. चाचणीच्या नेमबाजीत ज्या नळ्या इतरांपेक्षा सरस ठरत, त्या वेगळ्या काढून, खास सजावट करून १०० डॉलरला विकत. त्यांना नाव दिले ‘वन ऑफ वन थाउजंड’. १८७३ च्या मॉडेलमध्ये अशा दीडशेहूनही कमी रायफली बनल्या. १९५० च्या ‘विंचेस्टर ’७३’ या चित्रपटाची कथा अशाच एका रायफलीभोवती फिरते. सिनेमाने तिला दंतकथा केले, पण त्या श्रेणीमागचा कबुलीजबाब जास्त महत्त्वाचा आहे: सगळ्या नळ्या सारख्या असत्या तर चांगली नळी निवडण्याचे कारणच उरले नसते.

त्या काळी या फरकाने फारसे बिघडत नसे, याचे श्रेय काळ्या दारूला आणि मऊ शिशाला जाते. काळी दारू एकदम पेट घेते. तिच्या धक्क्याने मऊ गोळीचे बूड दाबले जाऊन फुगते आणि खाचांचा तळ गाठते. गोळी दोन-तीन हजारांशांनी बारीक असली तरी ती नळीत जाताजाता मापाला येई. धूरविरहित दारू आल्यावर हे चित्र बदलले. तिचा दाब सावकाश चढतो, आणि तिच्याबरोबर वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूच्या गोळ्या कडक असतात. बारीक गोळी फुगत नाही. तिच्या कडेने तापलेला वायू निसटतो, शिसे वितळून नळीला चिकटते आणि नेम विस्कटतो. आज जुन्या रायफलीसाठी गोळी खाचांच्या व्यासापेक्षा एक ते दोन हजारांशांनी जाड घ्यावी असा नियम सांगतात. तो पाळायचा तर आधी खाचांचा व्यास माहीत हवा.

शिवाय दीडशे वर्षांत नळी तशीच राहिलेली नसते. काळ्या दारूची राख ओल ओढते. काडतूस पेटवणाऱ्या जुन्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचा क्षार नळीत राहतो आणि दमट हवेत लोखंड खातो. तो तेलाने निघत नाही, पाण्यानेच धुवावा लागतो. ज्यांनी धुतले नाही त्यांच्या नळ्यांत खड्डे पडले. काही मालकांनी खराब नळी मोठी करून घेतली: ३२-४० ची ३८-५५ केलेल्या रायफली सापडतात. काहींनी आत नवे अस्तर बसवले. बाहेरून यातले काहीच दिसेल असे नाही.

मापनाची प्रचलित रीत साधी आहे. रायफल पूर्ण रिकामी आहे याची खात्री करून नळी स्वच्छ करतात आणि आत पातळ तेल फिरवतात. अपेक्षित व्यासापेक्षा किंचित जाड अशी शुद्ध शिशाची गोळी घेतात. शिसे नखाने ओरखडा उठेल इतके मऊ हवे. मिश्रधातू चालत नाही, कारण तो दाब सुटल्यावर थोडा परत फुगतो आणि माप खोटे निघते. गोळीला तेल लावून ती लाकडी हातोडीने हलके ठोकत नळीच्या तोंडात बसवतात. कडेचे जादा शिसे अंगठीसारखे कापले जाऊन बाहेर राहते. पुढे पितळी गजाने ती हळूहळू आत सरकवतात. खरे कौशल्य या सरकवण्यात आहे. हाताला लागणारा जोर सारखा असेल तर नळी सारखी आहे. गोळी मध्येच सैल होऊन पुढे गेली तर तिथे नळी फुगलेली आहे, अडली तर गंज, चिकटलेले शिसे किंवा आवळलेली जागा आहे. जुने बंदूककारागीर मायक्रोमीटरपेक्षा हाताच्या या जाणिवेवर जास्त भरवसा ठेवत, आणि त्यांचे चुकत नव्हते.

लिव्हर-ॲक्शनमध्ये या कामाला एक जादा अडचण आहे. बोल्ट-ॲक्शन रायफलीचा बोल्ट काढला की नळी मागून उघडी मिळते. विंचेस्टरच्या १८७३, १८९२ किंवा १८९४ मॉडेलमध्ये मागे चौकट बंद असते, त्यामुळे गोळी तोंडाकडूनच घालावी लागते आणि ती चेंबरमधून यंत्राच्या पोटात पडते. कडी पूर्ण उघडी ठेवून तिथे कापडाची घडी ठेवतात, नाहीतर मऊ गोळीला चौकटीत आपटून खाच पडते आणि माप बिघडते. मार्लिन या दुसऱ्या कंपनीच्या अनेक मॉडेलांत कडीचा स्क्रू काढून बोल्ट मागे ओढता येतो, तेव्हा काम सोपे होते. लांब बारीक लाकडी काठी वापरणे धोक्याचे: ती तिरकी फाटते, पाचर गोळीच्या कडेने घुसते आणि दोन्ही नळीत घट्ट अडकतात.

तोंडाकडून मोजण्यात आणखी एक फसगत आहे. या रायफलींची सफाईही पिढ्यान्‌पिढ्या तोंडाकडूनच झाली, आणि गजाच्या घर्षणाने तोंडाजवळच्या दोन-तीन इंचांतले उंचवटे झिजले. शेवटी बाहेर आलेली गोळी नळीतल्या सर्वांत अरुंद जागेचे माप सांगते, रुंद जागेचे नाही. म्हणून काळजी घेणारे एकाच गोळीवर समाधान मानत नाहीत. एक गोळी पूर्ण पार करतात, दुसरी तोंडात थोडी घालून परत काढतात, तिसरी चेंबरच्या पुढच्या भागासाठी वापरतात. तोंडाचे माप आतल्यापेक्षा मोठे निघाले तर नेम बिघडण्याचे कारण तिथेच सापडते.

बाहेर आलेल्या गोळीवर नळीची उलटी छाप असते: नळीतली खाच तिथे उंचवटा, आणि उंचवटा तिथे खाच. विंचेस्टरच्या नळीत साधारणपणे सहा खाचा असतात, म्हणजे समोरासमोर जोड्या पडतात आणि मायक्रोमीटरच्या दोन तोंडांत धरून माप थेट मिळते. खाचा पाच असत्या तर प्रत्येक उंचवट्यासमोर खोलगट भाग आला असता आणि इंग्रजी व्ही आकाराच्या बैठकीचा वेगळा मायक्रोमीटर लागला असता. मायक्रोमीटर हे साधनही या रायफलींच्याच वयाचे. झाँ लॉरां पामेर याने १८४८ मध्ये फ्रान्समध्ये त्याचे पेटंट घेतले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ते ब्राऊन अँड शार्प या अमेरिकन कंपनीच्या मालकांनी पाहिले, आणि पुढच्याच वर्षी कंपनीने पत्र्याची जाडी मोजणारा खिशातला मायक्रोमीटर बाजारात आणला. एक इंचाचा मायक्रोमीटर आला १८७७ मध्ये. त्याआधी इंचाचा हजारावा भाग, ज्याला यंत्रशाळेत आज सहजपणे ‘थाऊ’ म्हणतात, साध्या कामगाराच्या हातात सर्रास नव्हता. १८७३ च्या नळीला आजच्या मापाची शिस्त लावणे हा तिच्यावर अन्याय आहे. ती ज्या साधनांनी बनली त्या साधनांच्या मानाने ती अत्यंत नेटकी आहे.

खाचांचा व्यास कळला तरी गोळीची जाडी ठरत नाही. नळी ०.४३० ची निघाली म्हणून ०.४३१ ची गोळी भरली, तर काडतुसाचे तोंड फुगून ते चेंबरमध्येच जाणार नाही असे होऊ शकते. त्यासाठी चेंबरचा ठसा घ्यावा लागतो. पूर्वी त्यात वितळलेले गंधक ओतत, काजळी मिसळून. आता सेरोसेफ हा बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम यांचा मिश्रधातू वापरतात. तो उकळत्या पाण्यापेक्षा कमी उष्णतेला, ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, त्यामुळे जुन्या पोलादाला इजा होत नाही. थिजल्यावर तो आधी थोडा आकसतो, म्हणून ठसा सहज निघतो. मग तो पुन्हा फुगू लागतो आणि साधारण तासाभराने चेंबरच्या नेमक्या मापाला येतो. त्याच वेळी मोजायचे. काही दिवसांनी मोजले तर आकडा मोठा येतो. कॅडमियम विषारी असल्याने हे काम हवेशीर जागीच करतात.

खाचांचा पेच मोजणे त्या मानाने सोपे. फिरत्या मुठीच्या गजाला घट्ट चिंधी लावून तो नळीत सरकवायचा, गजावर खूण करायची आणि पूर्ण फेरी किती इंचांत होते ते पाहायचे. विंचेस्टरच्या ४४-४० ला ती ३६ इंचांत होते, ३२-२० ला २० इंचांत. आकडा वेगळा आला तर नळी बदललेली असण्याची शक्यता मोठी.

या मापांचा उपयोग नेमबाजांपुरता राहिला नाही. २५ जून १८७६ रोजी अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याच्या घोडदळाजवळ एकेक काडतूस भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन होत्या, आणि त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या मूळनिवासी लकोटा-शायेन योद्ध्यांपैकी अनेकांकडे हेन्री व विंचेस्टर. १९८३ मधल्या वणव्याने तिथले गवत जळाले आणि पुढच्या वर्षी मोठे उत्खनन सुरू झाले. सापडलेल्या गोळ्यांवरच्या खाचांची संख्या, रुंदी आणि पेच, तसेच काडतुसांवरच्या पिनेच्या खुणा यांवरून कोणत्या प्रकारची शस्त्रे कुठून चालली हे संशोधकांनी मांडले. तोंडी आठवणींवर शंभर वर्षे चाललेल्या वादात नळीच्या मापाने साक्ष दिली.

मापाची मर्यादाही सांगितली पाहिजे. नळी उत्तम निघाली म्हणून रायफल सुरक्षित ठरत नाही. १८७३ मॉडेलचे यंत्र गुडघ्यासारख्या सांध्यावर चालते आणि ते कमी दाबासाठी बनले आहे. १८९२ च्या मॉडेलचे यंत्र जॉन ब्राउनिंगने फार मजबूत केले. दोघांच्याही नळीवर ४४-४० आहे. जोरदार दारूची ४४-४० काडतुसे निघाली, तेव्हा ती १८७३ च्या रायफलीत वापरू नयेत असे खोक्यांवर छापावे लागले होते.

अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू मानली जाते, आणि अशा रायफलींचा तिथे मोठा संग्राहकवर्ग आहे. वायोमिंगमधल्या कोडी येथील संग्रहालयात विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत. त्यातल्या अनेक क्रमांकांसाठी नळी गोल की अष्टकोनी, काडतूस कोणते आणि रायफल गोदामातून कोणत्या दिवशी गेली, हे आजही सांगता येते. खाचांचा व्यास त्या वह्यांत लिहिलेला नाही. त्यामुळे आपल्या रायफलीच्या मापाची शिशाची गोळी जपून ठेवावी आणि तिच्यासोबत क्रमांक, मोजल्याची तारीख व तोंडाजवळचे आणि आतले असे दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. पुढच्या मालकाला ही नोंद दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.